सापळा आवळण्याआधी सांगता आले पाहिजे

जोखमीच्या देशात नेमणूक झालेल्या राजनैतिक अधिकाऱ्याला जे हेरगिरीविरोधी प्रशिक्षण दिले जाते, त्यात पाठलाग कसा ओळखावा, फोन कोठे ठेवावा, कोणते बोलणे कोणत्या खोलीत करावे, हे सारे येते आणि ते यायलाच हवे. पण जुनी प्रकरणे वाचताना माझे मत पक्के होत गेले आहे की, आपल्या बाबतीत काही विपरीत घडले तर ते लगेच वरिष्ठांना सांगण्याची सवय आणि तसे सांगितल्याने आपण उद्ध्वस्त होणार नाही याची खात्री हाच या प्रशिक्षणाचा गाभा असला पाहिजे.

उपकरणांची बाजू मी कमी लेखत नाही. १९४५ मध्ये सोव्हिएत मुलांनी अमेरिकी राजदूत अ‍ॅव्हरेल हॅरिमन यांना लाकडात कोरलेली अमेरिकेची राजमुद्रा भेट दिली आणि ती मॉस्कोतील राजदूतांच्या निवासस्थानी १९५२ पर्यंत भिंतीवर टांगलेली होती. तिच्या आत बॅटरी नव्हती, बाहेर जाणारी तारही नव्हती. होती ती एक छोटी धातूची पोकळी, तिच्यावर ताणलेला पातळ पडदा आणि एक अँटेना. बाहेरून रेडिओलहरींचा झोत सोडला की खोलीतल्या आवाजाने थरथरणारा पडदा त्या लहरींवर संभाषण उमटवत असे आणि झोत बंद असताना शोधण्यासारखे काहीच उरत नसे. पुढे १९८४ मध्ये त्याच देशातील अमेरिकी कार्यालयांतल्या १६ विद्युत टंकलेखन यंत्रांत मजकूर टिपणारी उपकरणे सापडली. असे काही शोधून काढणे हे तंत्रज्ञांचे काम आहे. अधिकाऱ्याने एवढेच मनावर कोरून घ्यावे की सुरक्षित ठरवलेल्या खोलीबाहेरचे प्रत्येक वाक्य कोणीतरी ऐकत आहे.

माणसाला गाठण्याची रीत मात्र तंत्रज्ञांच्या हाती नसते. १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम २९ नुसार राजनैतिक प्रतिनिधीला अटक करता येत नाही. यजमान देश फार तर त्याला अवांछित ठरवून परत पाठवू शकतो. म्हणूनच त्याच्यावर दबाव आणायचा तर लाज, एकटेपणा, पैशांची अडचण किंवा वरिष्ठांविषयीची चीड यांचाच आधार घेतला जातो, आणि यांपैकी एकाही गोष्टीपासून करार त्याचे संरक्षण करत नाही.

जॉन व्हासॉल १९५४ मध्ये मॉस्कोतील ब्रिटिश दूतावासात नाविक अटॅशेच्या, म्हणजे दूतावासातील नौदल प्रतिनिधीच्या, कार्यालयात कारकून म्हणून गेले. दूतावासातल्याच एका स्थानिक कर्मचाऱ्याने त्यांचा एकटेपणा हेरला, ओळखी करून दिल्या, आणि एका मेजवानीत पुरुषांसोबतची त्यांची छायाचित्रे काढली गेली. इंग्लंडमध्ये तेव्हा समलिंगी संबंध गुन्हा होता. त्यामुळे वरिष्ठांकडे जाणे म्हणजे तुरुंगाच्या दारात उभे राहणे, असेच त्यांना वाटणार. ते गप्प राहिले, लंडनला परतल्यावरही कागद पुरवत राहिले आणि १९६२ मध्ये पकडले जाऊन त्यांना १८ वर्षांची शिक्षा झाली. त्यांनी केलेला देशद्रोह मी सौम्य करू इच्छित नाही. तरीही पहिल्याच आठवड्यात बोलण्याची वाट त्यांच्यासाठी खुली असती, तर सोव्हिएत हेरांच्या हातात केवळ काही छायाचित्रे उरली असती.

म्हणून वर्गात नियम वाचून दाखवण्यापेक्षा सराव करून घ्यावा. मैत्रीपूर्ण परिचित आधी एखादा सर्वांना उपलब्ध असलेला लेख मागतो, मग त्यावर दोन पाने लिहून मागतो, मानधन देतो आणि सहज म्हणून पावतीवर सही घेतो. यांत गुपित असे काहीच नसते, पण सही झालेली असते. प्रशिक्षणार्थीने ही साखळी स्वतः अनुभवावी आणि नेमक्या कोणत्या टप्प्यावर सुरक्षा अधिकाऱ्याकडे जायचे ते ठरवावे. तेथे काय बोलायचे याचाही सराव व्हावा, कारण पहिले वाक्यच सर्वांत जड जाते. स्वतःहून आलेल्या माणसाला कसे वागवायचे, हे त्या सुरक्षा अधिकाऱ्यालाही शिकवावे लागेल.

हे शिक्षण वरच्या हुद्द्यांपुरते ठेवणे मला घातक वाटते. क्लेटन लोनट्री हा मॉस्कोतील अमेरिकी दूतावासाचा मरीन पहारेकरी होता. तेथील एका स्थानिक कर्मचारी महिलेशी नियमबाह्य प्रेमसंबंध जुळल्यावर तो गुंतत गेला आणि १९८६ च्या डिसेंबरात व्हिएन्नात त्याने आपणहून सांगितले, तोवर सोव्हिएत हेरांना माहिती देऊन झाली होती. पतीपत्नी, कारकून, पहारेकरी या सगळ्यांना तोच सराव हवा. घरातल्या स्थानिक नोकरांना मात्र तो देता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात अंकारातील ब्रिटिश राजदूतांचा सेवक एल्येसा बाझ्ना किल्ल्यांचे ठसे घेऊन राजदूतांनी निवासस्थानी आणलेल्या गोपनीय कागदांची छायाचित्रे जर्मनांना विकत होता. तिथे एकच नियम चालतो: कागद आणि किल्ल्या कार्यालयाबाहेर जाऊ द्यायच्या नाहीत, मग अधिकारी राजदूत का असेना.