सोळा मुलं आणि एक डांगर

गेल्या वर्षी मी भोपळा ‘शिकवला’ होता. भिंतीवर तक्ता लावला, ‘अ’ जीवनसत्त्व डोळ्यांना कसं चांगलं हे चार वर्षांच्या मुलांना हातवारे करून सांगितलं आणि शेवटी वाट्यांमधून भाजी वाढली. सोळापैकी चौदा वाट्या जशाच्या तशा परत आल्या. पंधरावीतली भाजी आठ दिवसांनी ठोकळ्यांच्या टोपलीत सापडली. सोळावीचा तपास अजून लागलेला नाही.

म्हसरूळला माझा छोटासा बालवर्ग आहे. यंदा शाळा सुरू होताच मी मदतनीस मावशींना एकच नियम सांगितला: भोपळ्याचं काहीही करू, पण कुणालाही ‘खा’ म्हणायचं नाही. मावशी म्हणाल्या, “मग करायचंच कशाला?”

जूनच्या शेवटच्या बुधवारी गंगेवरच्या बाजारात गेले. (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.) पूर आला की हा बाजार उठतो, पण तेव्हा पाऊस नुकता सुरू झाला होता. “डांगर घ्या ताई, फोडून देऊ का?” विक्रेत्या मावशींनी विचारलं. आमच्याकडे लाल भोपळा म्हणजे डांगर. माझ्या पुण्याच्या जाऊबाईंना डांगर म्हटलं की उडदाच्या पिठाचं, ताक-कांदा घालून केलेलं तोंडीलावणं आठवतं, त्यामुळे आमचे फोनवर बरेच घोळ होतात. “अख्खंच द्या,” म्हटलं. “एवढं खाणार कोण?” “सोळा जण आहेत घरात.” त्यांनी माझ्याकडे इतक्या आदराने पाहिलं की खुलासा करवला नाही. देठ वाळलेला आणि सालीत नख न रुतणारा, साडेचार किलोचा एक भोपळा त्यांनीच निवडून दिला आणि तो स्कूटरवर पायांमध्ये धरून मी घरी आणला.

पहिल्या दिवशी तो पंचाखाली झाकून ठेवला. मुलांनी न बघता हात घालायचा आणि काय वाटतं ते सांगायचं. “दगड.” “बाबांचं हेल्मेट.” “गणपतीचं पोट.” पंचा काढल्यावर तासभर भोपळा वर्गभर लोळवला गेला. मग कुणीतरी म्हणालं, तो मळला, आंघोळ घालू. हे माझ्या आखणीत नव्हतं, पण टब भरला. बुडेल की तरंगेल? पंधरा जणांनी बुडेल म्हणून ओरडा केला, एक मुलगी गप्प होती. भोपळा तरंगला. मावशींनी शेजारी बटाटा सोडला, तो टुपकन तळाला गेला. एवढासा बटाटा बुडतो आणि एवढा मोठा भोपळा बुडत नाही, यावर मोठी चर्चा झाली. आतल्या पोकळीबद्दल मी मुद्दामच काही बोलले नाही.

मुलांना न्यायला आलेले व्हॅनवाले काका दारातून हे पाहत होते. त्यांचे वडील गंगेत पोहायला शिकले ते पाठीला वाळलेला भोपळा बांधून, असं त्यांनी सांगितलं. लगेच प्रत्येकाला पाठीला भोपळा हवा झाला. त्या गडबडीत एकाने जाहीर केलं, “माझ्या दादाला गणितात भोपळा मिळाला!” बाकीचे पंधरा हेव्याने बघत राहिले. “मला पण पाहिजे,” एकजण म्हणाला आणि रडायलाच लागला.

भोपळा फोडायच्या दिवशी वेगळीच अडचण. मावशी विळीला हातच लावेनात. त्यांच्या सासूची शिकवण अशी, की अख्खा भोपळा बाईने आधी फोडू नये, पुरुषाने पहिला घाव घालावा. मला हे पटत नाही. पण सोळा मुलांसमोर मावशींशी वाद घालावा असंही वाटेना. शेवटी व्हॅनवाल्या काकांनाच बोलावलं. त्यांनी कोयत्याने एक घाव घातला. ‘कडक्’ असा आवाज झाला आणि मुलं दोन पावलं मागे सरली. दोन फाका उघडल्या तेव्हा वर्गात एवढी शांतता पसरली, जेवढी माझ्या कुठल्याही गोष्टीला कधी पसरलेली नाही. मग ती गप्प मुलगी म्हणाली, “आत घर आहे. म्हणून नाही बुडला.”

पुढचा पाऊण तास मी जवळजवळ काहीच केलं नाही. कुणी चमच्याने, कुणी हाताने बिया ओरबाडत होतं. धाग्यांना ‘भोपळ्याचे केस’ हे नाव पडलं. एकाने वास घेऊन सांगितलं, “टरबूज!” टरबूज, काकडी, दुधी, कारलं हे सगळे भोपळ्याचे भाऊबंदच, त्यामुळे त्याचं नाक अगदी बरोबर होतं. ज्यांना बुळबुळीत नको होतं त्यांना चिमटा दिला. एकीला चिमटाही नको होता, तिला मोजणीचं काम दिलं. बिया राखेने चोळून धुतल्या म्हणजे बुळबुळीतपणा जातो, ही मावशींची युक्ती. दहा-दहाचे ढीग केले, अडतीस ढीग झाले आणि वर सात. तीनशे सत्त्याऐंशी हा आकडा मुलांना उच्चारता येत नव्हता, पण घरी जाऊन सगळ्यांनी तो सांगितला. काहींनी हजार सांगितला.

अख्ख्या बिया मी एवढ्या लहानांना खायला देत नाही, घशात अडकतात. वाळवलेल्या बियांपैकी मूठभर सोलून, भाजून, बारीक कुटून चटणीत घातल्या आणि पंधरा-वीस पेरायला ठेवल्या.

त्या रात्री एका पालकांचा निरोप आला. मुलांना शाळेत भाज्या चिरायला पाठवतो का आम्ही, कपड्यांवरचे डाग कोण काढणार, आणि एबीसीडी कधी सुरू होणार? डागांबद्दल माफी मागितली. एबीसीडीबद्दल उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि झोपले.

मग आले घारगे. दोन वाट्या किसाला पाऊण वाटी गूळ, मंद आचेवर गूळ विरघळून कीस शिजेपर्यंत. गार झाल्यावर मीठ, वेलदोडा, चमचाभर गरम तेलाचं मोहन आणि मावेल एवढी कणीक, थोडं तांदळाचं पीठ. पाण्याचा थेंबही नाही. शिजवणं माझ्याकडे, मळणं मुलांकडे. चूक माझीच झाली. गुळाचं पीठ ठेवलं की सैल होत जातं, आणि सोळा जणांनी आळीपाळीने मळेपर्यंत अर्धा तास गेला. केळीच्या पानावर थापलेला घारगा उचलताच लोंबायला लागला. पुन्हा कणीक घालून निम्मे वाचवले, ते मी आत ओट्यावर तळले. उरलेल्या पिठात दूध घालून तव्यावर धिरडी केली. ती वेडीवाकडी झाली आणि मुलांना तीच आवडली, कारण एक हत्ती होतं आणि एक मोटारसायकल.

ताटात घारगे, धिरडी, उकडलेल्या भोपळ्याच्या फोडी आणि दह्यातलं भरीत असं मांडलं आणि आम्ही दोघी बाजूला बसून स्वतःच खायला लागलो. मावशींना ‘खा’ न म्हणणं फार जड गेलं, त्या पदर तोंडात धरून बसल्या होत्या. घारगे-धिरडी अकरा जणांनी खाल्ली, पण गोड कुणीही खातं, ते मी मोजत नाही. फोडीला तोंड लावलं पाच जणांनी, भरीत चाटलं तिघांनी. नवा पदार्थ मुलं आठ-दहा वेळा समोर आल्यावरच आपला मानतात असं आहारतज्ज्ञ सांगतात, म्हणून पुढे दर गुरुवारी भोपळ्याचं काहीतरी ताटात ठेवत राहिले. ऑगस्टपर्यंत फोडीवाले नऊ झाले. बिया मोजणाऱ्या मुलीने आजवर चाखलेला नाही. ती वास घेते आणि ताट पुढे सरकवते.

पण कुंपणाशी लावलेल्या वेलाला पाणी घालते ती तीच. वेल भराभर वाढला आणि भरपूर पिवळी फुलं आली, सगळी लांब देठाची, नर. रोज सकाळी प्रश्न, “भोपळा कुठे?” आधी बाबा फुलं येतात, आईफुलं मागून, असं सांगून मी वेळ काढला. दहा-बारा बाबा फुलांची भजीही झाली. गणपतीच्या आदल्या आठवड्यात एका फुलाखाली हिरवी गोटी दिसली. पावसात मधमाश्या फिरकत नव्हत्या, म्हणून नर फुलाच्या पाकळ्या सोलून त्याचा पराग मीच तिथे टेकवला.

चौथ्या दिवशी गोटी लिंबाएवढी झाली. मुलं धावत आली आणि सगळ्यांची बोटं एकदम पुढे झाली. मावशी मागून ओरडल्या, “बोट दाखवू नका, सडतं ते!” तेव्हापासून सोळाही जण रोज सकाळी कुंपणाशी उभे राहतात आणि वाकवलेल्या बोटाच्या पेराने भोपळा दाखवतात. मीही तसाच दाखवते.