आमची वाटचाल : भट्टीवरची वही

वडिलांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुपोलावर, म्हणजे कोकवर चालणाऱ्या उभ्या भट्टीवर, सुरू केलेली लोखंडी ओतकामाची फाउंड्री मी शिरोली एमआयडीसीत विजेच्या इंडक्शन भट्टीवर आणली आणि पंपाच्या केसिंगमध्ये (बाहेरच्या कवचात) आमचे नाव झाले. पुढचे सांगायचे तर एका दिवाळीपासूनच सांगावे लागेल. बोनसच्या त्या आठवड्यात शेजारच्याच एका कारखानदाराने आमचे मुख्य मिस्त्री आणि त्यांचे दोन हेल्पर फोडून नेले. जास्त पगारावर माणूस जातो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ‘त्यांच्याकडे आता धड ओतकाम होत नाही’ असे आमच्याच ग्राहकांच्या दारात जाऊन सांगणे मी अजून विसरलेलो नाही.

दुःख याचे, की ते बोलणे काही महिने खरे ठरले. केसिंगच्या पातळ कडा पांढऱ्या आणि काचेसारख्या कडक येऊ लागल्या, मशिनिंगला इन्सर्ट (हत्याराची कापणारी टोके) तुटू लागले. धातूतले घटक मोजणाऱ्या स्पेक्ट्रोचा रिपोर्ट मात्र बिनचूक होता. कार्बन, सिलिकॉन, मँगनीज सगळे एफजी २६० या बिडाच्या प्रतीसाठी आम्ही ठरवलेल्या मर्यादेत. आम्ही वाळूचा ओलावा तपासला, स्क्रॅपवाला बदलला, तरी फरक पडेना. दोन ग्राहक गेले, बँकेने कॅश क्रेडिट वाढवून दिले नाही आणि पगारासाठी घरचे सोने गहाण पडले.

इचलकरंजीच्या एका ग्राहकाने तेवढी साथ सोडली नाही. वडिलांच्या वेळेपासूनचे हे गृहस्थ एके सकाळी वही घेऊन आले. त्यांच्या लेथवरचा कामगार इन्सर्ट तुटला की केसिंगवरचा हीट नंबर (भट्टीतल्या त्या घाण्याचा क्रमांक) लिहून ठेवत असे. आमच्या रजिस्टरात प्रत्येक हीटची वेळ होती. दोन्ही वह्या शेजारी उघडल्या तेव्हा दिसले, की कडक निघालेले जवळजवळ सगळे नग जेवणाच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या हीटचे, नाहीतर मोल्ड (वाळूचे साचे) तयार नसल्याने वितळलेल्या लोखंडाचा रस भट्टीत थांबवून ठेवलेल्या हीटचे होते.

रस फार वेळ तापत राहिला, की ग्रॅफाइट (मऊ रूपातला कार्बन) ज्यांच्याभोवती धरते ती केंद्रे त्यातून कमी होतात आणि रासायनिक प्रमाण तेच असूनही पातळ भाग पांढरा गोठतो. आमचे गेलेले मिस्त्री सुट्टीनंतर भट्टीत थोडे पिग आयर्न (कच्चे लोखंड) टाकत, पाचरीच्या आकाराचा वेज ओतत, थंड झाल्यावर हातोडीने फोडत आणि टोकाचा पांढरा पट्टा नखाने मापून लेडलमध्ये (रस ओतायच्या भांड्यात) ती केंद्रे पुन्हा तयार करणारे फेरो सिलिकॉन किती टाकायचे ते ठरवत. हे मी वर्षानुवर्षे रोज पाहिले, पण तो पट्टा कशासाठी मापतात हे एकदाही विचारले नाही.

तेव्हापासून भट्टीजवळ एक वही आहे. रस किती मिनिटे थांबला, वेजचा पट्टा किती मिलिमीटर निघाला, काय टाकले, हे ओतणारा माणूसच आपल्या शब्दांत लिहितो. पुढे आयएसओ ९००१ या गुणवत्ता मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीतील कलम ७.१.६ प्रमाणे संस्थेचे ज्ञान कसे जपता, असे ऑडिटरने विचारले, तेव्हा मी त्यांना कपाटातली फाइल न दाखवता काजळी लागलेली ती वही दाखवली. त्यानंतरची वर्षे सुरळीत गेली.

लहान कारखानदारांना माझे कळकळीचे सांगणे आहे. सॉफ्टवेअर घ्या, पण त्याआधी निवृत्तीला आलेल्या मिस्त्रीशेजारी एक होतकरू मुलगा वर्षभर उभा करा आणि शिकवण्याचा वेगळा भत्ता मिस्त्रीला द्या. कसब हीच ज्याची किंमत, तो ते फुकट का सांगेल? नोंदीखाली लिहिणाऱ्याचे नाव राहू द्या. रिजेक्शन लिहिले म्हणून पगार कापू नका, नाहीतर वही कोरीच राहते. आणि इनॉक्युलेशनचा, म्हणजे लेडलमध्ये टाकलेल्या त्या फेरो सिलिकॉनचा, परिणाम काही मिनिटांतच ओसरू लागतो, तेव्हा लेडल रेंगाळू देऊ नका.

इचलकरंजीच्या लेथवरची वही आजही दर महिन्याला गाडीबरोबर येते. ती आधी भट्टीवर जाते, मग माझ्या टेबलावर येते.