तेच मागणं, तिसऱ्यांदा

गुरुवार, रात्री

आप्पांच्या बायोप्सीचा रिपोर्ट अजून आला नाही. सोमवारी देतो म्हणाले होते, आता शनिवार म्हणतात. ह्यांचं एमआयडीसीतलं कॉन्ट्रॅक्ट मार्चनंतर वाढणार की नाही, तेही कुणी सांगत नाही.

चर्चच्या मंडळीतली माणसं येऊन जातात, अगदी मायेने येतात. निघताना बहुतेक जण बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातलं वचन सांगतात, चौथ्या अध्यायातलं: कशाविषयीही चिंता करू नका. संडे स्कूलपासून पाठ आहे ते. पण या आठवड्यात ते ऐकलं की वाटायचं, मला काळजी वाटते म्हणजे माझा विश्वासच तोकडा. काल ते पत्र पहिल्यापासून वाचलं. प्रेषित पौलाने ते तुरुंगातून लिहिलंय. आपण जगणार की मरणार, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. आणि त्याच वाक्यात पुढे तो म्हणतो, तुमची मागणी देवाला कळवा. आधी काळजी टाकून ये आणि मग प्रार्थनेला बस, असं तो कुठेच म्हणत नाही.

मग मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 26 वा अध्याय काढला. गेथशेमानेच्या बागेत प्रभू येशू शिष्यांना सांगतो की माझा जीव अतिशय खिन्न झालाय, माझ्यासोबत जागे राहा. ते झोपी जातात. तो पालथा पडून प्रार्थना करतो, पुन्हा करतो आणि तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलतो. तेच शब्द! रोज रात्री तेच ते मागताना मला संकोच वाटत होता. देवाच्या पुत्राला वाटला नाही, तर मी का बाळगावा?

आजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंच्या आश्रमात, वाढलेली. रमाबाई 1922 मध्ये गेल्या, आजीने त्यांना पाहिलेलं नव्हतं, पण तिथल्या थोरल्या बायांकडून पुष्कळ ऐकलेलं होतं. दुष्काळाच्या दिवसांत रमाबाईंचे आईवडील गेले, बहीण गेली, नंतर भाऊ, मग लग्नाला दोन वर्षंही झाली नसताना नवरा. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. एवढं सोसून ही बाई हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करत राहिली. हे सांगून आजी कधी म्हणाली नाही की बघ, तूही रडू नकोस. म्हणायची, रडायचं तर देवापुढं रड, तो कान देतो.

काल रात्री तसंच केलं. कॅन्सर हा शब्द इतके दिवस घरात कुणी तोंडातून काढला नव्हता, तो प्रार्थनेत उच्चारला. भीती गेली नाही. पण छातीवरचं ओझं एकटीचं राहिलं नाही आणि झोप लागली. सकाळी चहा देताना आप्पांना विचारायचा धीर झाला, "आप्पा, भीती वाटते का हो?"

"वाटते गं," म्हणाले. किती दिवसांनी आम्ही खरं बोललो. मग दोघांनी मिळून प्रार्थना केली. त्यांचा आवाज कापत होता, माझाही. तरी त्या घटकेला मनात जी शांती होती, तिला मी दुसरं नाव देऊ शकत नाही. ती प्रभूने दिलेली होती.

पुढच्या महिला सभेत वाचनाची पाळी माझी आहे. स्तोत्र 88 वाचणार. ते अंधारातच संपतं, म्हणून सभेत सहसा कुणी घेत नाही. पण आमच्यात कितीजणी घरची दुखणी गिळून हसत बसलेल्या असतात, मला माहीत आहे. शेवटच्या ओळीपर्यंत वाचेन आणि पुढे दुसरं गोड स्तोत्र जोडणार नाही.