दोन मांड्या, दोन सुया

आज ड्युटीवर एका बाळाला जन्मल्या जन्मल्याच दोन इंजेक्शनं दिली. आईचा हेपॅटायटिस बी, म्हणजे यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूचा, रिपोर्ट पॉझिटिव्ह. आजी चिडल्याच, "एवढ्याशा जिवाला दोन-दोन सुया कशाला हो?"

प्रश्न रास्तच. एक सुई लसीची. लस बाळाच्या शरीराला अँटिबॉडी, म्हणजे विषाणूशी लढणारी प्रथिनं, बनवायला शिकवते, पण त्याला वेळ लागतो. तोवर काय? म्हणून दुसरी सुई इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे रक्तदात्यांच्या प्लाझ्मामधून काढलेल्या तयार अँटिबॉडी. त्या काही महिन्यांत संपतात, पण तोवर लस कामाला लागलेली असते. दोन्ही १२ तासांच्या आत द्यायच्या आणि वेगवेगळ्या मांडीत.

घाई अशासाठी की जन्मताना लागण झाली, तर सुमारे ९० टक्के बाळांमध्ये हा विषाणू कायमचा मुक्काम ठोकतो. मोठ्या माणसांत हेच प्रमाण ५ टक्क्यांहून कमी.

आईची धास्ती वेगळीच. बाळाला जवळच घेईना. "सिस्टर, माझं दूध चालेल ना?" अहो, चालतं की! हे तिला गरोदरपणातच कुणीतरी सांगायला हवं होतं. खरंच राग आला. पुढचे डोस चुकवायचे नाहीत आणि बाळ ९ ते १२ महिन्यांचं असताना रक्त तपासायचं, हे फाइलवर लाल पेनाने लिहून दिलं. आजींनी लगेच फाइल स्वतःच्या पिशवीत टाकली. "पोरांच्या भरवशावर नको," म्हणाल्या.