लोंबकळणारा कनेक्टर

जुनी गाडी घेताना आपण इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर निरखतो, पत्र्यावर टिचक्या मारतो; डॅशबोर्डखाली मान घालून पाहण्याचे मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. माझ्याही आले नव्हते. पेनाचे टोपण पेडलपाशी घरंगळले म्हणून टॉर्च घेऊन वाकलो, तर स्टिअरिंगखाली दोन पिनांचा एक पांढरा कनेक्टर लोंबकळताना दिसला. गाडीत काही बिघाड नव्हता, सगळे दिवे लागत होते. तरीही त्या क्षणापासून मला ती अधू वाटू लागली.

एअरबॅगच्या जोडण्या बहुतेक गाड्यांत पिवळ्या असतात आणि तिथे मीटर किंवा टेस्ट लॅम्प टेकवणे धोक्याचे असते, कारण थोड्याशा विद्युतप्रवाहानेही एअरबॅग उघडू शकते. हा पांढरा होता. तरीही निव्वळ रंगावर भिस्त ठेवणे बरे नव्हे, म्हणून वायर मागे कुठे जाते ते आधी पाहिले. ती कापडी टेपने गुंडाळलेल्या मूळ हार्नेसमधूनच, म्हणजे कारखान्यात बांधलेल्या वायरींच्या जुडग्यातूनच, निघाली होती. आधीच्या मालकाने हौसेने काही जोडले असते, तर सोललेल्या वायरींना पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळल्याच्या खुणा दिसल्या असत्या.

मग मल्टीमीटर काढला. काळी वायर अर्थिंगची असावी असा माझा अंदाज होता, तो मीटरने खरा ठरवला. जर्मन गाड्यांत हाच मान तपकिरी वायरीला असतो. दुसऱ्या वायरीवर चावी बंद असताना काहीच नव्हते, चावी फिरवताच 12 व्होल्टच्या थोडे वर दाब दिसला. म्हणजे चावीसरशी जागे होणारे काहीतरी इथे जोडायचे होते.

पण ते निखळले होते की मुळात जोडलेच नव्हते? या प्रश्नावर मी, खरे सांगायचे तर, गरजेपेक्षा जास्त वेळ घालवला. भिंगातून पाहिले तेव्हा पिनांवर धुळीचा सारखा थर होता, पण जोडीचा दुसरा कनेक्टर आत-बाहेर सरकताना धातूवर उमटणारा ओरखडा एकही नव्हता. शिवाय वायरीला स्पंजाचा एक तुकडा चिकटलेला होता. न वापरलेला कनेक्टर खडखडू नये म्हणून कारखान्यातच तो गुंडाळून हार्नेसला बांधलेला असणार आणि काळाच्या ओघात तो बंध सुटला असणार. एकाच हार्नेसवर स्वस्त आणि महाग अशी दोन्ही मॉडेल्स बांधणे कारखान्याला सोयीचे पडते; मग स्वस्त गाडीत काही कनेक्टर रिकामे राहतात.

राहिला प्रश्न नेमक्या वस्तूचा. फ्यूजबॉक्सच्या झाकणावरील चित्रे पाहत, इग्निशन बंद ठेवून, एकेक फ्यूज काढून पाहिला. पॉवर सॉकेटचा फ्यूज काढल्यावर चावी फिरवली, तर मीटर शून्यावर होता आणि गाडीतले एकमेव सॉकेटही बंद पडले होते. मग वायर हळूच ताणून पाहिली. ती बरोबर डॅशबोर्डवरच्या एका गोल, कोऱ्या झाकणापर्यंत पोहोचली. महाग मॉडेलमधल्या दुसऱ्या सॉकेटची ती जागा.

सॉकेट काही मी बसवले नाही. कनेक्टरचे तोंड टेपने झाकले आणि पेडलमध्ये अडकू नये म्हणून तो प्लॅस्टिकच्या पट्टीने हार्नेसला बांधला. गाडीत बसताना त्या गोल झाकणाकडे मात्र आता हमखास नजर जाते.