तोड झाल्यावर बघू

करवीर, कागल, पन्हाळा, कुठल्याही गावात दिवाळीनंतर विचारा, "पोरीचं लगीन कवा धरलंय?" उत्तर ठरलेलं: "तोड झाल्यावर बघू." म्हाताऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन, धाकट्याची मोटारसायकल, सोप्याची फरशी, सगळं ऊसतोडीवर. तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नांना वाट मोकळी होते, आणि त्याच सुमारास साखर कारखान्यांचे भोंगे वाजायला लागतात. पंचांगातला मुहूर्त भटजी काढतात. घरचा मुहूर्त मात्र स्लिपबॉयच्या, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, हातात.

त्याची यादी चालते लागणीच्या नोंदीवर. जुलै-ऑगस्टातली आडसाली लागण आधी, मग ऑक्टोबर-नोव्हेंबरातली पूर्वहंगामी, मग जानेवारी-फेब्रुवारीतली 'सुरू'. नोंद द्यायला उशीर केला की पाळीही मागं सरकते. तोवर उसाला तुरा येतो, कांडी आतून पोकळ पडते आणि वजन घटतं. पाहुण्यांना "माघात धरू" असं सांगून बसलेल्या घराची मग पंचाईत. पैशाचंही तसंच. नियमानं उसाचं बिल १४ दिवसांत यायला हवं. त्यातूनही सोसायटीचं पीककर्ज आधी वळतं होतं आणि उरलेल्यात मांडव, जेवण, मानपान.

तोडणाऱ्यांची टोळी रानात शिरली की घरच्या बातम्यांना पाय फुटतात. बांधावर वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, न्यायला भावकी जमते, आणि कुणाला पोरगा झाला, कुणाची सोयरीक कुठं मोडली, हे भारे बांधता बांधताच कळतं. वाढ्याचं एक मात्र ध्यानात ठेवावं. त्यात ऑक्झलेट असतं, ते जनावराच्या अंगातलं कॅल्शियम अडकवतं. महिना महिना नुसत्या वाढ्यावर ठेवलेली म्हैस म्हणूनच दुधाला कमी पडते. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडावी आणि सोबत दुसरी वैरणही द्यावी. लग्नाघरी दूध जास्त लागतं तेव्हाच नेमकी ही चूक होते.

ऊस जमिनीलगत तोडून घ्यायचा, कारण साखर बुडख्याकडं, म्हणजे मुळाकडच्या भागात, जास्त. टोळीला वाकायचा कंटाळा, मालकाला पाहुण्यांच्या चहाची घाई. चार बोटं बुडखा उभा राहतो. त्यात वजन तर जातंच, वर खोडव्याचे, म्हणजे त्याच बुडख्यांतून येणाऱ्या पुढच्या पिकाचे, कोंब जमिनीतून न येता वरच्या डोळ्यांतून फुटतात आणि पुढं कलंडतात. तोडलेला ऊस २४ तासांत गाळला जावा, पण ट्रॉली रानात रुतली की तो फडातच वाळत पडतो. तोडीआधी पंधरा-वीस दिवस पाणी बंद ठेवायचं ते यासाठीही.

माझ्या मते खरी रस्सीखेच सुरू होते ती तोड संपल्यावर. खोडव्याचं जे काही करायचं ते पहिल्या १५ दिवसांत: पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, न जाळता सरीत दाबायचं, राहिलेले बुडखे धारदार कोयत्यानं छाटायचे, त्यावर बुरशीनाशक फवारायचं, आणि पहारीनं खताचा पहिला हप्ता द्यायचा. बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटरवर, १५ ते २० सेंटिमीटर खोल, दोन भोकांत ३० सेंटिमीटर अंतर. दुसरा हप्ता साडेचार महिन्यांनी, सरीच्या दुसऱ्या बाजूला. आणि हे १५ दिवस म्हणजेच बस्ता, पत्रिका आणि पाहुण्यांची ये-जा! पहार धरायला घरात माणूस सापडत नाही. मग सोपा उपाय म्हणून पाचट पेटवलं जातं, खत वरून विस्कटलं जातं. ते पाण्याबरोबर वाहतं, उरलेलं तण खातं. नंतर वर्षभर "खोडवा परवडत नाही" ही तक्रार.

पत्रिका वाटायला दोन माणसं कमी गेली तरी चालतात. पहारीला दोन माणसं लागतातच, एक भोक पाडायला आणि एक खत टाकायला. तोडच फेब्रुवारीच्या मध्यापुढं गेली असेल, तर खोडवा धरायच्या भानगडीत पडू नये. फूट उन्हाळ्यात सापडते आणि एकरी टनेज बसत नाही. तसलं रान नांगरून टाकावं आणि लग्न निवांत करावं.