गच्चीवरचा काजरा, पावसाळ्यानंतरचं अपडेट

बोन्साय करायला लावलेल्या काजऱ्याच्या झाडानं शेवटी जोर धरलाय मंडळी. पावसाळाभर नुसतं ढिम्म बसलेलं रोप, आपल्या बेळगावच्या झडीत काय वाढणार म्हणा, पण ऑक्टोबरचं ऊन पडलं आणि शेंड्याला पानांच्या दोन जोड्या एकदमच. पानं समोरासमोर, चकचकीत, देठापासनंच निघणाऱ्या शिरा उठून दिसतात. बोन्सायला पान जरा मोठं पडतंय, पण खोडाला आत्तापासनंच जो करडा रंग यायलाय तो बघून मी खूश आहे.

नवीन लोकांसाठी सांगतो, काजरा म्हणजेच कुचला. खानापूर-जांबोटी साईडला रानात असतो. फळ पिकलं की मस्त नारिंगी, गोल, साल टणक, आत पांढरा बुळबुळीत गर आणि त्यात बिया, आणि खरं विष त्या बियांत. स्ट्रिक्नीन. १८१८ मध्ये फ्रान्समध्ये पेलेतिए आणि काव्हांतू या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी ते वेगळं काढलं. मज्जारज्जूवर काम करतं, अंगाला झटके येतात. धनेश पक्षी मात्र ती फळं खातात, त्यांचं त्यांना माहीत!

बिया मामांच्या बांधावरच्या झाडाखाली पडलेल्या फळांतल्या. हातमोजे घालून धुतल्या. बी म्हणजे कोटाचं बटण बघा की, चपटी, राखाडी, वर बारीक रेशमी लव, मधनं कडेकडे विंचरून बसवलेली, उजेडात तिरकी धरली की झळकते. भिजत घालून लाल माती, जांभ्याची बारीक खडी आणि थोडं शेणखत यात पेरल्या. उगवायला लई वेळ घेतात, तोवर कुंडी उकरून बघायची नाही, एवढा पेशन्स असला तरच नादाला लागा.

घरात विरोध होता, विषाचं झाड कशाला म्हणून. पण आजीनं सांगितलं की अश्विनी नक्षत्राचं आराध्यवृक्ष आहे, आणि माझ्या बहिणीचं नक्षत्र तेच निघालं, मग विषय संपला. तरी कुंडी वरच्या कठड्यावर ठेवलीय, खाली शेजारच्यांचा कुत्रा फिरत असतो आणि कुत्र्यांना हे फार वाईट. छाटलेलं सगळं वेगळ्या पिशवीत, कात्री लगेच धुवायची, पोरांना सांगूनच ठेवलंय.

आता खोडाला वळण द्यायची तार थंडी सरल्यावरच घालणार, खोड अजून कोवळं आहे. उथळ ट्रेमध्ये कुणी काजरा लावलाय का? मुळं कितपत छाटू दिली त्यानं, ते सांगा.